‘हाउस’ संगीत आणि फ्रँकी नकल्स : सांध्याच्या कलेचा विचार

मराठीत ‘डीजे’ हा शब्द आता इतका रुळला आहे की, त्याच्या मूळ अर्थाची आठवण बहुधा कोणास होत नाही. ‘मिरवणुकीत डीजे लावला’, ‘डीजेवर बंदी आली’, ‘डीजेने कानठळ्या बसल्या’ या वाक्यांत त्या शब्दाने कोणा मनुष्याचा निर्देश होत नसून ट्रकवर रचलेल्या ध्वनिवर्धकांचा होतो. इंग्रजीतील ‘डिस्क जॉकी’ या समासाच्या आद्याक्षरांपासून झालेले हे नाम मुळात कर्तृवाचक आहे. तबकडीवर स्वार होऊन तिला हवी तशी हाकणारा तो डिस्क जॉकी. मराठीत येता येता कर्ता गळाला आणि साधन तेवढे उरले. लक्षणेने होणारे असे अर्थांतर भाषेच्या अभ्यासकास नवे नाही. तथापि त्याचा एक परिणाम असा झाला आहे की, दुसऱ्यांच्या तबकड्या वाजविणे ही एक कला असू शकते, तिच्यात चार दशकांची कारकीर्द होऊ शकते आणि त्या कारकिर्दीचा गंभीरपणे विचार करता येतो, हे म्हणणे मराठी वाचकास प्रथमदर्शनी काहीसे हास्यास्पद वाटावे.

अमेरिकेतील फ्रँकी नकल्स (१९५५–२०१४) याचे उदाहरण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. ‘हाउस’ या नावाने जगभर पसरलेल्या नृत्यसंगीताचा तो जनक मानला जातो. ‘जनक’ हे पद येथे कोणत्या अर्थाने घ्यावयाचे, हा खरा प्रश्न होय. कारण ज्या वर्षांत हाउस संगीत जन्मास आले असे म्हणतात, त्या वर्षांत या गृहस्थाने स्वतःची म्हणावी अशी एकही तबकडी काढलेली नव्हती.

फ्रान्सिस वॉरन निकल्स हे त्याचे मूळ नाव. जन्म न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात, १८ जानेवारी १९५५ रोजी. वस्त्रांवरील आकृतिबंधांच्या रचनेचे शिक्षण घेत असताना लॅरी लेव्हन या समवयस्क मित्राबरोबर तो शहरातील नृत्यगृहांत काम करू लागला. त्यांतले ‘काँटिनेंटल बाथ्स’ हे समलिंगी पुरुषांसाठी चालविलेले स्नानगृह होते आणि तेथे नृत्याचीही सोय होती. दोघेही कृष्णवर्णीय, दोघेही समलिंगी. म्हणजे तत्कालीन समाजाने दुहेरी कुंपणाबाहेर ठेवलेले. तबकड्या वाजविण्याचे शिक्षण त्यांना अशा ठिकाणी मिळाले की, जेथे नाचणारा मनुष्य रंजनाबरोबरच काही तासांच्या अभयासाठी येत असे. या उमेदवारीचा ठसा नकल्सच्या पुढील सर्व कामावर आहे.

१९७७ साली रॉबर्ट विल्यम्स याने शिकागो येथे दक्षिण जेफर्सन रस्त्यावरील २०६ क्रमांकाच्या तीन मजली औद्योगिक इमारतीत एक नृत्यगृह काढले. त्याने प्रथम बोलाविले ते लेव्हनला. लेव्हनने न्यूयॉर्क सोडण्यास नकार दिला (पुढे ‘पॅरडाइस गराज’ या नृत्यगृहात त्याने स्वतंत्र कीर्ती मिळविली) आणि नकल्स गेला. एका पूर्ण संगीतप्रकाराचा उगम असा दुसऱ्याच्या नकारात असावा, ही गंमत नोंदवून पुढे जावयास हरकत नाही. या जागेस लोक ‘वेअरहाउस’, म्हणजे वखार, म्हणत. शनिवारी रात्री सुरू झालेले नृत्य रविवारी दिवस वर येईपर्यंत चाले. येणाऱ्यांत प्रथम मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाचे समलिंगी तरुण असत. गोऱ्यांच्या नृत्यगृहांच्या दारात त्यांच्याकडे नाना ओळखपत्रे मागून त्यांना परतवून लावण्याचा रिवाज होता. येथे तसे होत नसे. हळूहळू इतरही येऊ लागले. नकल्स स्वतः या जागेस चर्चची उपमा देत असे.

येथे ‘हाउस’ या शब्दाकडे वळणे आवश्यक आहे. त्याच्या व्युत्पत्तीविषयी एकापेक्षा अधिक कथा प्रचलित आहेत. एका कथेप्रमाणे शिकागोतील ‘इम्पोर्ट्‌स एट्‌सेट्‌रा’ या तबकड्यांच्या दुकानात वेअरहाउसमध्ये वाजणाऱ्या तबकड्या वेगळ्या ठेवून त्यांवर त्या नृत्यगृहाच्या नावाची चिठ्ठी लावीत. पुढे चिठ्ठीवरील नाव आखडून नुसते ‘हाउस’ झाले. नकल्स सांगे ती हकीकत निराळी. शहराच्या दक्षिण भागातून मोटारीने जाताना एका मद्यगृहाच्या खिडकीत, येथे हाउस संगीत वाजविले जाते, अशी पाटी त्याने पाहिली आणि हे काय म्हणून सोबत्यास विचारले. तू वाजवितोस तेच, असे त्यास उत्तर मिळाले. घरच्या घरी यंत्रांवर केलेले संगीत म्हणून ‘हाउस’, अशी तिसरी उपपत्तीही सांगतात. परंतु ती लोकव्युत्पत्तीच्या सदरात टाकावी हे बरे. घरी तबकड्या तयार करण्याची लाट नंतरची आहे आणि शब्द तिच्या आधीचा आहे. पहिल्या दोन कथांत मात्र विरोध मानण्याचे कारण नाही. दुकानदाराची चिठ्ठी आणि मद्यगृहाची पाटी या एकाच बोलीतील एकाच प्रक्रियेच्या दोन खुणा होत.

ती प्रक्रिया आपल्या वैयाकरणांच्या परिचयाची आहे. ‘सत्यभामा’ या नावातील पूर्वपद गाळून ‘भामा’ म्हणावे आणि ‘देवदत्ता’स ‘दत्त’ म्हणावे, हे पूर्वपदलोपाचे शास्त्रप्रसिद्ध दाखले आहेत. ‘वेअरहाउस’मधील ‘वेअर’ गळून ‘हाउस’ राहिले, ते याच रीतीने. असा लोप तेव्हाच चालतो, जेव्हा ऐकणाऱ्यास गाळलेले पद ठाऊक असते. भामा म्हटल्यावर कोणती भामा हे विचारावे लागत नाही. शिकागोच्या दक्षिण भागात १९८०च्या सुमारास ‘हाउस’ म्हटल्यावर कोणते हाउस हे विचारावे लागत नव्हते. पुढे तो शब्द लंडनला गेला, बर्लिनला गेला, गोव्याच्या किनाऱ्यावरही पोहोचला. तेथील ऐकणाऱ्यांना गाळलेले पद ठाऊक नव्हते. शब्द पोहोचला आणि वखार मागे राहिली, तिच्यातली माणसेही.

याहून महत्त्वाची गोष्ट शब्दार्थाची आहे. आरंभी ‘हाउस’ या शब्दाने कोणत्याही एका घाटाच्या संगीताचा बोध होत नव्हता. फिलाडेल्फियाच्या गवयांची वाद्यवृंदासह गायिलेली गाणी, न्यूयॉर्कचे डिस्को, युरोपातून आलेल्या यांत्रिक तालाच्या तबकड्या, हे सर्व त्यात येई. या तबकड्यांत परस्परसाम्य थोडेच होते. एका माणसाने एका जागी त्या एकत्र वाजविल्या, एवढाच त्यांचा समान धर्म. म्हणजे हा शब्द प्रथम एका निवडीचे नाव होता आणि मागाहून एका शैलीचे नाव झाला. नकल्सला जनक म्हणावयाचे ते या अर्थाने: त्याने वस्तू निर्माण केली नाही, तिची जात ठरविली. वाङ्मयाच्या इतिहासात संग्रहकर्त्यांनी संप्रदाय निर्माण केल्याची उदाहरणे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे चमत्कारिक वाटू नये.

आता त्या निवडीच्या तंत्राविषयी. डीजेसमोर तबकड्या फिरविणारी दोन यंत्रे असतात आणि त्यांच्या मधोमध दोहोंचा आवाज कमीजास्त करणारे एक मिश्रकयंत्र. एक तबकडी श्रोत्यांस ऐकू येत असते. दुसरी केवळ त्याच्या कानावरच्या श्रवणयंत्रात. दुसरीची गती किंचित वाढवून अगर कमी करून तिचा ठेका पहिलीच्या ठेक्याशी तंतोतंत जुळवावयाचा आणि मग नाचणाऱ्याचे पाऊल न चुकता एकीतून दुसरीत जावयाचे, हे या विद्येचे प्राथमिक अंग. ऐकावयास सोपे वाटते. परंतु १९७०च्या दशकातील तबकड्यांत ठेका धरणारा वादक हाडामांसाचा असे. गाणे रंगात आले की त्याचा हात नकळत चढे, विसावले की उतरे. दोन तबकड्या एकदा जुळवून भागत नसे. जोवर त्या एकत्र चालत, तोवर बोटाने त्यांना सावरून धरावे लागे.

हा सांधा म्हणजे नुसती जोडणी नव्हे. व्याकरणातील संधीत दोन वर्ण जवळ आले असता कित्येकदा दोहोंच्या जागी तिसराच उमटतो. ‘महा’ आणि ‘ईश’ यांच्या सांध्यावर उभा राहणारा एकार दोहोंपैकी कोणाचाच नसतो. चांगल्या डीजेच्या सांध्यावर तसेच होते. एका गाण्याचा ताल खाली चालू आहे, दुसऱ्यातील स्वर वर तरंगू लागला आहे, आणि अर्ध्या-एका मिनिटापुरते असे एक तिसरे गाणे अस्तित्वात आले आहे, की जे कोणत्याच तबकडीवर नाही. नकल्सची ख्याती या सांध्यांच्या सावकाशीविषयी होती. श्रोत्यास धक्का देणे त्याला फारसे रुचत नसे. बदल झाला हे बदल होऊन गेल्यावर कळावे, अशी त्याची रीत. उलट नकल्सने वेअरहाउस सोडल्यावर ‘म्यूझिक बॉक्स’ या नावाने जे नृत्यगृह सुरू झाले, तेथील रॉन हार्डी वेगवान, तुटक, प्रसंगी तबकडी उलटी वाजविणारा होता. दोघांच्या पक्षांतील वाद शिकागोत अजून संपलेला नाही.

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्याच कॉमिस्की पार्क या क्रीडांगणावर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्यंतरात नभोवाणीवरील एका निवेदकाच्या पुढाकाराने डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडविण्यात आला. डिस्कोची तबकडी आणणाऱ्यास ९८ सेंटांत प्रवेश होता. जमाव मैदानात घुसला, खेळपट्टीची नासधूस झाली आणि दुसरा सामना खेळविताच आला नाही. आयोजकांच्या मते ही थट्टा होती. पण जळत असलेल्या तबकड्या प्रामुख्याने कोणाच्या होत्या, हे त्या शहरातील कृष्णवर्णीयांना आणि समलिंगीयांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. मोठ्या कंपन्यांनी पुढे डिस्कोकडे पाठ फिरविली आणि नव्या तबकड्यांचा ओघ आटत गेला. नंतर नकल्स हाउसचे वर्णन डिस्कोने उगविलेला सूड असे करी, त्यास हा संदर्भ आहे.

टंचाईतून तंत्र वाढले. नवी गाणी मिळेनात, तेव्हा जुनीच नवी करावयाची, या हेतूने नकल्स आणि त्याचा एक ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक मित्र ध्वनिफितीवर कापाकापी करू लागले. कृती अशी: गाणे चुंबकीय फितीवर उतरवून घ्यावयाचे, त्यातील नाचण्यास अनुकूल असा भाग (पुष्कळदा गायन थांबून केवळ ताल आणि मंद्र स्वर उरतो तो) शोधावयाचा, त्याच्या प्रती करून पात्याने फीत कापावयाची आणि चिकटपट्टीने तुकडे एकापुढे एक जोडावयाचे. हे काम किती मोजमापाचे आहे, ते साध्या हिशोबाने कळेल. मिनिटास १२० ठोके ही हाउसची सर्वसाधारण लय. म्हणजे एका ठोक्यास अर्धा सेकंद. फीत सेकंदास १५ इंच या गतीने धावत असेल, तर एक ठोका साडेसात इंचांत बसतो आणि चार ठोक्यांचे एक आवर्तन ३० इंचांत. आठ आवर्तनांचा भाग लांबवावयाचा तर २० फूट फीत. कापताना अर्ध्या इंचाची चूक झाली तर सेकंदाच्या तिसाव्या भागाइतका ठेका सरकतो, आणि नाचणाऱ्याच्या पायास तेवढे पुरते. साडेतीन मिनिटांचे गाणे अशा रीतीने आठ-दहा मिनिटांचे होई. कवीचे शब्द तेच, गायिकेचा गळा तोच. वाक्यरचना मात्र दुसऱ्याची. फर्स्ट चॉइस या गायिकासंचाने १९७७ साली गायिलेल्या एका गीताची नकल्सने केलेली अशी नवी आवृत्ती १९८३ साली तबकडीवर निघाली. त्याच्या या हस्तकौशल्याची कल्पना येण्यास ती चांगली आहे. याखेरीज धावत्या आगगाडीचा आवाज अंधाऱ्या नृत्यगृहात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सोडण्याची त्याची युक्ती वेअरहाउसला येणाऱ्यांच्या स्मृतीत विशेष राहिली आहे.

१९८२च्या अखेरीस तो वेअरहाउसमधून बाहेर पडला आणि ‘पॉवर प्लँट’ हे स्वतःचे नृत्यगृह त्याने काढले. याच सुमारास डेट्रॉइटचा तरुण संगीतकार डेरिक मे याने त्यास रोलंड कंपनीचे टीआर-९०९ हे तालयंत्र विकले. या यंत्राचा ठोका चढत नाही, उतरत नाही. जुन्या डिस्को तबकडीखाली त्याचा ठेका धरून दिला की डळमळणारी लय खिळल्यासारखी होई. शिकागोच्या तरुणांनी हे ऐकले आणि तबकडी बाजूस ठेवून नुसत्या यंत्रावर गाणी रचण्यास आरंभ केला. जेसी सॉंडर्स याची १९८४ची तबकडी या प्रकारातील पहिली म्हणून सामान्यतः सांगितली जाते. आधी निवड असलेला शब्द येथे शैलीवाचक झाला.

यंत्र हेच हाउसचे बीज होते काय, असा प्रश्न येथे कोणी उपस्थित करील, आणि त्यास मुंबईचे एक उदाहरण उपयोगी पडते. चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेले चरणजितसिंग यांनी १९८२ साली रोलंड कंपनीच्याच टीआर-८०८ व टीबी-३०३ या यंत्रांवर दहा रागांची डिस्कोच्या ठेक्यातील ध्वनिमुद्रिका मुंबईत केली. तिचे त्या वेळी फारसे स्वागत झाले नाही. २०१० साली ती पुनः प्रसिद्ध झाली, तेव्हा ऐकणारे थक्क झाले. कारण टीबी-३०३च्या ज्या विशिष्ट वळणाच्या स्वरांसाठी शिकागोतील ‘अ‍ॅसिड हाउस’ १९८७ पासून प्रसिद्ध झाले, तेच स्वर येथे पाच वर्षे आधी ऐकू येत होते. यावरून हाउसचा उगम मुंबईत झाला असे म्हणण्याचा मोह काहींना झाला. स्वाभिमानास तो सुखावणारा असला तरी टिकणारा नाही. दोन भाषांत एखादा शब्द योगायोगाने सारखा आढळला म्हणून त्या सगोत्र ठरत नाहीत. चरणजितसिंग यांच्यापाशी यंत्र होते, रागांचे ज्ञान होते, कल्पकताही होती; दर शनिवारी येऊन त्या संगीतास पायांनी होकार-नकार देणारा समुदाय नव्हता. नकल्सपाशी तो होता.

कर्तृत्वाचा प्रश्न सर्वांत अवघड होतो, तो ‘युअर लव्ह’ या गीतापाशी. हे गीत जेमी प्रिन्सिपल या शिकागोच्या तरुणाने रचले व गायिले. ध्वनिफितीवरून ते नकल्सच्या हाती आले आणि तबकडी निघण्यापूर्वीच त्याने ते नृत्यगृहात वाजवून वाजवून गाजविले. १९८७ साली ‘ट्रॅक्स’ने काढलेल्या तबकडीवर मात्र नाव आले ते फ्रँकी नकल्सचे. गाणे जगभर गेले, नकल्सच्या नावावर गेले, आणि ते गाणाराच त्याचा रचयिता आहे, हे पुष्कळांना कित्येक वर्षे ठाऊक नव्हते. या प्रकरणी कोणाचा किती दोष याचा निवाडा करणे सोपे नाही. शिकागोच्या त्या लहान व्यवसायात लेखी करार आणि मानधन यांविषयी एकंदरीतच हयगय होती. लक्षात घेण्याजोगा भाग असा की, जेथे नकल्सचे खरे कर्तृत्व होते त्या सांध्यांवर त्याचे नाव कोठेही नाही, आणि जेथे नाव ठळक आहे तेथे कर्तृत्व मुख्यतः दुसऱ्याचे आहे. तबकडीवरील चिठ्ठी पाहून इतिहास लिहिणाऱ्याची दोन्हीकडून फसगत होते.

यापुढील वाटचाल सुपरिचित आहे. १९८७ साली काही महिने लंडनमध्ये. नंतर न्यूयॉर्कला परत. तेथे डेव्हिड मोरालेस आदींबरोबर ‘डेफ मिक्स’ या संस्थेतर्फे मोठ्या गायकांच्या गीतांच्या नव्या आवृत्त्या. सातोशी तोमीए आणि गायक रॉबर्ट ओवेन्स यांच्यासह केलेले ‘टिअर्स’ १९८९चे, आणि ‘द व्हिसल साँग’ १९९१चे. या दुसऱ्या रचनेचे सहरचयिते एरिक कप्पर होते आणि नाव शिटीचे असले तरी वाजते ते यंत्रावरील बासरीसारख्या स्वरात. १९९८ साली ग्रॅमी पारितोषिकांत गीतांची पुनर्रचना करणाऱ्यांसाठी स्वतंत्र पारितोषिक प्रथमच देण्यात आले आणि ते नकल्सला मिळाले. फीत कापण्याच्या कामास रचनेचा दर्जा मिळण्यास अशी सुमारे दोन दशके लागली.

त्या दोन दशकांत त्याचा मूळ श्रोतृवर्ग मात्र विरळ होत गेला. १९८०च्या दशकात एड्सच्या साथीने अमेरिकेतील समलिंगी पुरुषांच्या एका पिढीची अपरिमित हानी केली. लेव्हन १९९२ साली वारला, त्याच वर्षी हार्डीही. वेअरहाउसमधील रात्रींपैकी फारच थोड्या फितींवर उतरल्या असल्याने, त्या सांध्यांचा मुख्य साठा ऐकणाऱ्यांच्या स्मरणातच होता. मौखिक परंपरेतील वाङ्मय गोळा करणाऱ्यास शेवटचा गायक गेल्यावर जो अनुभव येतो, तो येथे एका महानगराच्या मध्यभागी, विसाव्या शतकाच्या अखेरीस, ध्वनिमुद्रणयंत्रे सर्वत्र उपलब्ध असताना आला.

नकल्सला मधुमेह होता. त्याचे एक पाऊलही कापावे लागले, तरी तो काम करीतच राहिला. मार्च २०१४च्या अखेरीस लंडनमध्ये एक रात्र वाजवून तो शिकागोस परतला आणि ३१ मार्च रोजी वयाच्या ५९व्या वर्षी निवर्तला. त्याच्या संग्रहातील पाच हजारांवर तबकड्या शिकागोच्या दक्षिण भागातील ‘स्टोनी आयलंड आर्ट्‌स बँक’ या संस्थेत जतन करण्यात आल्या आहेत. अभ्यासकास त्यांवरून त्याची निवड कळू शकते. एकीमागून दुसरी कोणत्या क्षणी सुरू होई, हे त्यांवरून कळत नाही.

जेफर्सन रस्त्याच्या त्या भागास २००४ साली शहराने त्याचे नाव दिले होते. त्या वेळी इलिनॉय राज्याच्या सिनेटचा सदस्य असलेल्या बराक ओबामाचे त्यास साहाय्य झाले होते. इमारत मात्र तेव्हा संरक्षित नव्हती. पुढे ती पाडली जाईल अशी भीती निर्माण झाली, रसिकांनी सह्या गोळा केल्या, आणि जून २०२३ मध्ये शिकागोच्या नगरपरिषदेने २०६ दक्षिण जेफर्सन ही वास्तू संरक्षित म्हणून जाहीर केली. शहराच्या दप्तरात तिची नोंद ‘द वेअरहाउस’ अशी, पूर्वपदासह, आहे.